ठपका फायरमनवर

माझ्या पत्रकांत दोषी माणूस नेहमी खुर्चीत बसलेला असतो. या वेळी तो मुर्री गावच्या आमच्याच अंगणात, खाटेवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होता. माझे आबाजी. छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, वाफेचं इंजिन चालवण्यात त्यांची उमर गेली.

झालं असं की, छोट्या लाइनचं एक जुनं इंजिन रंगवून चबुतऱ्यावर बसवायचं ठरलं. पाटीवर नावं कोणाची, तर साहेबांची! ज्यांनी त्या भट्टीपुढे कातडी भाजून घेतली त्यांचा एका ओळीचाही उल्लेख नाही. माझं डोकं फिरलं. आमच्या चार पोरापोरींच्या गटानं पत्रक काढायचं ठरवलं, आणि मजकुरासाठी मी आबाजींसमोर वही घेऊन बसले.

त्यांनी भरभरून सांगितलं. मे महिन्यात समोर भट्टी आणि बाजूनं लू. वळणावर डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण. फावडं धुऊन त्यावर भाजलेले बटाटे. आणि चिचगडचा त्यांचा फायरमन.

"त्याच्यावानी कोळसा मारणारा नाई पाह्यला मी. धूर पाहून सांगे, आग कुठं कमी हाय ते."

"मग तो ड्रायव्हर का नाही झाला?"

"प्लग वितळला," आबाजी म्हणाले आणि शेंगा सोलू लागले.

भट्टीच्या छतात शिशाचा प्लग असतो. बॉयलरमधलं पाणी फार उतरलं की तो वितळतो, वाफ भट्टीत कोसळते आणि आग मरते. बॉयलर फुटत नाही, पण गाडी जागच्या जागी उभी. इंजिनवाल्यांत याहून मोठी नाचक्की नाही. त्यांची गाडी भर दुपारी जंगलात अशी उभी राहिली. चौकशी झाली, पाणी भरण्यात कसूर केली म्हणून फायरमनला इंजिनावरून उतरवलं, आणि निवृत्तीपर्यंत तो शेडमध्ये दुसऱ्यांची इंजिनं पुसत राहिला.

मला हवं ते मिळालं होतं. 'गरीब फायरमनचा बळी! वरिष्ठांचं कारस्थान!' असं ठळक अक्षरांत लिहिलं, छापून आणलं आणि मोठ्या ऐटीत आबाजींना वाचून दाखवलं.

"कारस्थान कोणाचं म्हणतेस?"

"अधिकाऱ्यांचं."

"ते कुठं होते तिथं? इंजिनावर दोघंच होतो आमी."

मग थांबत थांबत बाकीचं निघालं. बॉयलरमधलं पाणी एका काचेच्या नळीत दिसतं. इंजिन ताब्यात घेताना ड्रायव्हरनं खालची तोटी उघडून ती नळी साफ करून बघायची असते, कारण आत गाळ अडकला तर नळी पाणी आहे असं दाखवते आणि बॉयलर कोरडा होत जातो. हे काम ड्रायव्हरचं. त्या दिवशी गाडीला उशीर होता, आबाजींनी केलं नाही. वाटेत फायरमन म्हणाला होता, "उस्ताद, गाडी एवढी हालून राहिली, अन् काचेतलं पाणी काऊन हालत नाई?"

"मी म्हटलं, तू कोळसा मार. मले शिकवू नको."

"आणि चौकशीत?"

"काच साफ केली होती म्हणून लिवून देलं. मंग दोष त्याच्यावरच गेला."

"काऊन, आबाजी?"

"भेव वाटला. दुसरं काय."

मी उठून गेले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. गटातल्या मित्राला सांगितलं, पत्रकं वाटायची नाहीत. तो भडकला. "पागल झालीस का? ठपका राहू दे ना साहेबांवर! त्यांना काय फरक पडतो?" खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. आपण खोटं छापलं तर ते चांगल्या कामासाठी असतं, असं मला आधीही कधी कधी वाटलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी मी खरं घडलं ते एका पानावर साधं लिहिलं, एकही उद्गारचिन्ह न घालता. आबाजींनी ऐकलं. "त्यानं मले सांगतलं होतं, हे बी लिव," म्हणाले, आणि सही केली.

ते पान घेऊन मी देवरीमार्गे चिचगडला गेले. फायरमन ओसरीत दोर वळत बसले होते. मी कोणाची नात ते सांगितल्यावर त्यांचे हात थांबले. कागद त्यांनी मुलाकडे दिला. "जोरानं वाच." मुलाचेही केस पिकलेले. त्यानं शेवटपर्यंत वाचलं. मला म्हणाला, "गाव यायले अजून इंजिनजाळ्या म्हणते, बाई. शाळेत मी इंजिनजाळ्याचा पोट्टा होतो."

फायरमननी एवढंच विचारलं, "मी सांगतलं होतं म्हणून लिवलं हाय ना?"

"हो."

"मंग तो काऊन नाई आला?"

"गुडघे दुखतात त्यांचे."

"गुडघे तं माहे बी दुखते." त्यांनी कागद मुलाकडून घेऊन माझ्या हातात परत ठेवला. "कागदानंच उतरवलं होतं मले. हा घेऊन जाय. त्याले म्हण, इथं येऊन तोंडानं सांग. चार लोकाइच्या समोर."

बसमध्ये मला दोघांचाही राग येत होता. साहेबांना जाब विचारताना माझा आवाज कधी कापला नाही. घरी आबाजींसमोर कापला. तरी निरोप होता तसा सांगितला, गुडघ्यांच्या थापेसकट. मला वाटलं, आता नाहीच म्हणतील, आणि मग मी काय करणार होते ते मला आजही माहीत नाही.

"चिचगडचा बाजार कोणत्या वारी राहते?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. कायले?"

"इचार कोणाले तरी. बाजाराच्या दिवशी जाऊ. गावचे सारे लोक राहतीन."