लाल रेघ

ग्रामसभेच्या दिवशी आम्ही मोठ्या माणसांनी चावडीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढला. देऊळ, शाळा, विहिरी, ओढा, काही म्हणून सोडलं नाही.

"काय राहिलंय का?" सरपंचांनी सहज विचारलं.

सातवीतली सुमन पुढे आली. बंद गुऱ्हाळापासून शाळेच्या वळणापर्यंत तिने लाल रांगोळीची रेघ ओढली.

"हे काय गं?"

"इथनं आम्ही पोरी पळत जातो, आबा. गुऱ्हाळात माणसं प्यायला बसतात."

एकाच वेशीच्या आत या पोरींचं गाव निराळं होतं.

त्या वाटेने मी रोज मळ्यात जातो. पळणाऱ्या पोरी मला कितीदा दिसल्या होत्या, पाठीवर दप्तरं उडत असायची. आणि मी कौतुकाने म्हणायचो, खेळताहेत.