मेंदीतली खिडकी

लेकीकडे परदेशात महिनाभर राहून आम्ही परत आलो, तेव्हा मी येताना एक बरीशी कढई आणली आणि नवऱ्याने डोक्यात एक कुंपण आणलं. लेकीच्या शेजाऱ्यांच्या बागेभोवती यू नावाच्या झाडांची दाट हिरवी भिंत होती. वरून सपाट, बाजूने सरळ आणि बारा महिने हिरवीगार. हे रोज चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभे राहायचे. मला वाटलं, विमानात बसलं की विसरतील. कसले विसरतात. भांडुपला घरात पाऊल टाकल्या टाकल्या बॅगाही न उघडता गॅलरीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथेसुद्धा होईल गं तसं."

आमचं घर तळमजल्यावरचं. गॅलरीतून उतरलं की सोसायटीने आम्हाला वापरायला दिलेली मातीची पट्टी आहे आणि तिच्या टोकाला कमरेएवढी जुनी भिंत. भिंतीपलीकडे गल्ली. त्या पट्टीत तुळस, अळू, कढीलिंब आणि एक कधीच न फुलणारा मोगरा, एवढाच आमचा बगीचा. नर्सरीवाल्याने मोबाईलमधला यूचा फोटो पाहिला आणि सांगितलं, "साहेब, हे थंडीतलं झाड. भांडुपचा मे महिना त्याला झेपायचा नाही. कडू मेंदी लावा. ऊन, पाऊस, धूळ काही तिचं बिघडवत नाही आणि बकरीसुद्धा तोंड लावत नाही."

कडू मेंदी आली. यांनी दोरी बांधून, भिंतीला लागून रोपं ओळीत लावली. बँकेत असताना ज्या माणसाने घरचा एक खिळा ठोकला नाही, तो निवृत्तीनंतर मोठी कात्री घेऊन पानं सारखी करत उन्हात उभा राहायला लागला. कापलेल्या मेंदीचा उग्र वास घरभर यायचा, मी नाक मुरडायची आणि हे म्हणायचे, "तुला सौंदर्यदृष्टी नाही." नसेल. पण सकाळी झाडांशी बोलताना यांचा चेहरा असा काही उजळायचा, की मला आतून बरं वाटायचं. नोकरी सुटल्यावर बरेच दिवस तो चेहरा दिसला नव्हता. हे यांना मी कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर यांनी गॅलरीतसुद्धा मेंदी लावली असती.

माझ्या सासूबाई तिथेच, मातीच्या त्या पट्टीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. मूळच्या मालवणकडच्या. गुडघे गेल्यापासून बाहेरचं फिरणं संपलं होतं, स्वयंपाकघर माझ्याकडे आलं होतं, देवपूजा यांनी घेतली होती. एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाच्या हातात दिली नव्हती, ती म्हणजे मासळी. कोळीण गल्लीतून यायची, टोपली भिंतीवर टेकवायची आणि मग तिचा आणि सासूबाईंचा जो दरबार भरायचा तो बघण्यासारखा असायचा. सासूबाई एकेक मासा उचलणार, कल्ला उघडून बघणार, डोळा बघणार, पोटावर बोट दाबणार. "ह्यो बांगडो कालचो आसा." "आजी, तुझी शपथ, आजचा हाय." "माझी शपथ कित्याक घेतंस? तुझी घे." घासाघीस, शिव्या, एकमेकींच्या लेकीसुनांची चौकशी. दोघी एकमेकींवर चिडायच्या आणि एक दिवस कोळीण आली नाही तर सासूबाईंना जेवण जायचं नाही.

मेंदी पहिल्या वर्षी भिंतीएवढी झाली, दुसऱ्या वर्षी छातीएवढी. तोवर ठीक होतं, कोळीण टाचा उंचावून वरून बोलायची. मग आला पावसाळा. मासेमारी बंद, त्यामुळे कोळीण नाही. आणि पावसात मेंदी हां हां म्हणता माणसाच्या डोक्यावर गेली. यांना उंचीच हवी होती. वरचे शेंडे जेमतेम सारखे करायचे आणि बाजू तासत बसायचे. खरंच भिंत झाली. गल्ली दिसेना, भाजीवाल्याचा नुसता आवाज यायचा. हे खूश होऊन आईला विचारायचे, "आई, कसं वाटतंय?" सासूबाई मान डोलवायच्या. "बरा दिसता हा, झिला."

नारळी पौर्णिमा झाली आणि कोळीण परत आली. तिला भिंतच सापडेना. मग ती गेटमधून वळसा घालून जिन्याकडच्या दारात यायला लागली आणि मासळी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. सासूबाई वॉकर घेऊन दारापर्यंत पोहोचेपर्यंत कोळीण घाईने पुढे गेलेली असायची. एकदोनदा पोहोचल्या, तर जिन्याच्या त्या अंधारात माशाचा डोळा काय दिसणार? हळूहळू त्यांनी उठणंच सोडलं. मी मासे आणून दाखवले की बघायच्या आणि "बरे आसत" म्हणायच्या. माझे बांगडे त्यांना बरे वाटावेत, एवढे ते बरे नसायचे. ज्या बाईने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या सुरमईचे तुकडे तीन घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात नापास केले होते, तिचं हे "बरे आसत" मला सोसेना.

मी म्हटलं, "आई, यांना सांगू का मेंदी कमी करायला?"

"अजिबात नाय," त्या म्हणाल्या. "झिलाची हौस आसा. तेचा मन मोडू नको. तू गप रव."

मी गप्प राहिले. हा माझा स्वभाव नाही, त्यामुळे स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आदळायला लागली.

मग एके सकाळी कोळणीने दारात टोपली उतरवली, आत डोकावली आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "म्हातारी गेली काय गो, ताई? किती दिस झाले, दिसलीच नाय. मी तुला इचारू कसा, म्हणून गप होती."

मी म्हटलं, "अगं नाही, आत आहेत." कोळीण हसली, "बरा झाला," म्हणाली. पण सासूबाई दिवाणखान्यातच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दुपारी त्यांनी कालवणाला हात लावला नाही, दहीभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हे फिरायला गेले आणि मी त्यांचीच मोठी कात्री उचलली. कोळीण पूर्वी जिथे टोपली टेकवायची, त्या जागी मेंदीत शिरले आणि कापत सुटले. बाहेरून एवढी हिरवी दिसणारी मेंदी आतून नुसत्या काटक्या होती. हात ओरबाडले. सासूबाई खुर्चीवरून ओरडत होत्या, "कोणी सांगला तुका? तो काय म्हणात?" आणि ओरडता ओरडता वॉकरचा आधार घेऊन बसल्या बसल्याच खुर्ची पुढे सरकवत होत्या. शेवटी एक वेडंवाकडं भोक पडलं आणि त्यातून गल्लीतला उजेड त्यांच्या मांडीवर पडला.

हे परत आले. भोक पाहिलं. कात्री माझ्या हातात होती, तेव्हा विचारायचं काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, पण यांचा असा पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता. भांडले असते तर मी पुरून उरले असते. हे आत गेले आणि पाठ करून गॅलरीत बसले. चहा दिला, तो घेतला नाही. मला वाटलं, वाट लागली.

एवढ्यात गल्लीतून हाळी आली. मी भोकातून कोळणीला हाक मारली. आधी काचेच्या बांगड्यांचा हात आत आला, हातात शेपटीला धरलेला बांगडा आणि मागोमाग तिचं तोंड. "अगो आजी!"

"म्हातारी मेली काय, असा इचारलंस ना गो?" सासूबाईंचा आवाज खणखणीत लागला. "खंय जावक नाय मी. हयच आसंय, ह्या झाडांच्या मागे. हाड तो बांगडो हय. कल्लो बघूंदे."

मी गॅलरीकडे पाहिलं. हे उभे राहिले होते. आईला कोणी मेलेली समजलं होतं, हे यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. बराच वेळ ते तसेच ऐकत राहिले. बांगडा कालचा ठरला, कोळणीने शपथ घेतली, सासूबाईंनी तिच्या सासरचा उद्धार केला. कोळीण गेल्यावर हे खाली उतरले, कात्री उचलली आणि भोकाच्या कडा सरळ करायला लागले. डोळे लाल झाले होते. मेंदीचा वास उग्र असतो, असं मीच मनाशी म्हटलं.

"आई, अजून खाली घेऊ?"

"थोडा घे," सासूबाई म्हणाल्या. "टोपली दिसाक व्हयी."

आता तिथे चौकोनी खिडकी आहे. हे दर रविवारी तिच्या कडा कापतात आणि तसं तिकडच्या यूमध्येसुद्धा कोणी केलं नसेल असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. कल्पना कोणाची होती, हे सांगत नाहीत.

खिडकी नीट चौकोनी झाल्यावर पहिला दरबार भरला, त्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात खुर्चीशेजारी उभी होते. आपणच हे जमवून आणलं, तेव्हा आपल्याला बघायला मिळायला हवं, असं वाटत होतं. सासूबाईंनी एक सुरमई उलटीपालटी केली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू हय कित्याक उभी? तुका माशातला काय कळता? आत जा, वाटणाचा बघ."

मी आत गेले आणि खोबरं खवायला घेतलं. बाहेर दोघींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. या घरात इतक्या आनंदाने मी कोणाचा हुकूम कधी पाळला नव्हता.