नकाशावरचं शिंदखेडा

ताईला पहिल्यांदा खेळताना पाहिलं तेव्हा मी तिच्या मागं उभा होतो, आणि हातातला चहा तसाच गार झाला. धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये. मोबाइलवरच्या त्या खेळात चार-चार जणांचे संघ एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो, एवढं मलाही माहीत होतं. मीही खेळायचो. पण शत्रू दिसायच्या आधीच ती त्याच्याकडे वळलेली असायची.

"ताई, तुम्हाला आधी कसं कळतं?" मी धीर करून विचारलं.

"पाय वाजतात ना त्याचे. ऐकत नाहीस का तू?"

मी कधीच ऐकले नव्हते. घरी कोणाला कळू नये म्हणून आवाज बंद करून खेळायची मला सवय होती. त्या दिवशी तिनं आपले इअरफोन माझ्या कानात घातले, आणि मला गवतातली पावलं ऐकू आली. वाळूवरची वेगळी, पत्र्यावरची वेगळी. इतके दिवस मी त्या बेटावर बहिऱ्यासारखा फिरत होतो.

ती शेवटच्या वर्षाला, म्हणून सगळ्यांची ताई, आणि संघाची कॅप्टन. जळगावच्या एका कॉलेजात स्पर्धा होती आणि तिला चौथा माणूस हवा होता. तिनं मला घेतलं ते माझ्या अंगठ्यांसाठी. नेम बरा होता माझा. बाकी दोघांपैकी एक अमळनेरचा, सतत बडबडणारा. दुसरा माझा खोलीवरचा जोडीदार, तो फक्त खेळातली गाडी चालवायचा आणि बाकी वेळ जांभया द्यायचा. सराव ताईच्या घरी. पुढच्या खोलीत बुद्धांच्या मूर्तीच्या खालच्या फळीवर वायफायचा डबा होता, आणि आम्ही चौघं त्याच्या जवळात जवळ बसायचो. तिच्या आई दवाखान्यातून आल्या की म्हणायच्या, "मेलात का जिवंत आहात? जिवंत असाल तर पोहे खा."

स्पर्धेच्या आधी सुट्टीत मी गावी गेलो. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी कुठंही निघालो की आबांना ती परीक्षाच वाटते.

"जळगावले कसानी परीक्षा शे?"

"परीक्षा नई आबा. गेम शे. मोबाइलना."

आबांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "जाय. पन आते वावरमा चाल."

कापूस फुटला होता, वेचायला माणसं मिळत नव्हती. मी आनंदानं गेलो. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या अंगठ्यांना जळगावला काम आहे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. बाकी संघांतली मुलं म्हणे स्पर्धेआधी बोटांना खास टोप्या घालतात. मी सुट्टीभर कापूस वेचला.

परत आलो तर दोन्ही अंगठ्यांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. चिकटपट्टी लावली तर स्क्रीनला अंगठा कळेना. काढली तर कातडी इतकी खरखरीत, की एकदा दाबलं तर गोळी सुटायची नाही आणि पुन्हा दाबलं तर थांबायची नाही. मी जाऊन ताईपुढं हात धरले. म्हटलं, "दुसऱ्या कोणाला घ्या."

तिनं अंगठे उलटसुलट पाहिले. "कापूस?"

"हो."

"दुसरं कोणी नाही. गोळ्या आम्ही मारू. तू बघ आणि सांग. कोण कुठून येतंय, बस."

"हा सांगणार?" अमळनेरवाला हसायला लागला. "भो, हजेरीला हा 'येस सर' म्हणतो ते सरांना ऐकू जात नाही. महिनाभर गैरहजर होता हा, पहिल्या बाकावर बसून!"

खोटं नव्हतं. वर्गात मी तोंड उघडलं की आधी मनात वाक्य तपासतो, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. इथंही तसंच झालं. व्हिडिओतले खेळाडू दिशेचे आकडे इंग्रजीत सांगतात, तसंच सांगायचं ठरलं. मी आकडा वाचायचो, मनात बोलून बघायचो, आणि तोवर जोडीदार मेलेला असायचा. शेवटी नुसतं "तिकडे, तिकडे!"

"तिकडे म्हणजे कुठं?" ताई पहिल्यांदाच चिडली.

"शिंदखेड्याकडून दोघं!"

निघून गेलं तोंडातून. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग सांगावं लागलं. बेटाच्या कोपऱ्यात रुळांजवळ गोदामं आहेत, त्यांना मी मनात शिंदखेडा म्हणायचो. नदीवरचा लांब पूल म्हणजे पांझरेचा, पलीकडची घरं देवपूर. तेलाच्या टाक्या आहेत ते अमळनेर.

मला वाटलं, आता हसतील. ताईनं नकाशा उघडला. "परत सांग. हळू."

आम्ही सगळं बेट बोलून काढलं. सगळे त्याच्याच गावात मरतात, अशी अमळनेरवाल्यानं तेवढी तक्रार केली, "आमच्या गावात बठ्ठे मरतस! टाक्यांना दुसरं नाव दे ना भो." नाव बदललं नाही. नंतरचे दिवस कँटीनमध्येही आमचं तेच चालायचं. एकदा मी ओरडलो, "देवपुरात चौघं लपलेत, मागच्या दारानं चला," तर चहावाले नाना गाळणी घेऊन बाहेर आले. "चोर शेतस का रे?"

जळगावच्या त्या हॉलमध्ये शिरलो तेव्हा माझे पाय आपोआप हळू झाले. समोर घराच्या भिंतीएवढा पडदा. त्यावर आमचंच बेट, सकाळच्या उन्हात, आणि समुद्र हलत होता. रांगेनं टेबलं, एकसारखी जाकिटं घातलेले संघ. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी फक्त परीक्षेत पाहिली होती. आबांचं अगदीच चुकलं नव्हतं.

पहिल्या सामन्यात मी सुरुवातीलाच मेलो. अंगठ्यानं दगा दिला, गोळी सुटलीच नाही. पण या खेळात मेलेल्याला जोडीदाराच्या डोळ्यांनी बघता येतं, बोलताही येतं. माझ्या स्क्रीनवर ताईचा खेळ आला. तिच्या मागं उभं राहून मी तो पुष्कळदा पाहिला होता. आता तिच्या कानांतले आवाज माझ्या कानांत होते. ती धावत कुठं होती, श्वास कुठं रोखत होती, सगळं आतून. एखाद्यानं आपल्याला इतकं जवळून बघू द्यावं, याचंच मला नवल वाटत राहिलं. आणि मी बघतच बसलो.

"भाऊ," ताईचा आवाज आला, "आहेस का?"

डावीकडे पत्र्यावर पाय वाजले. दोघांचे. मी वाक्य तपासलं नाही.

"शिंदखेडा! पत्र्यावर दोघं! एक खाली उतरला, पुलाकडे निघाला, दुसरा तिथंच. ताई, वर बघू नका, आधी पुलावरचा!"

ती वळली. पुलावरचा पडला. दुसऱ्यानं गोळी झाडायच्या आत ती भिंतीआड होती. मी बोलतच राहिलो, गाडी कुठून आणायची, धूर कुठं दिसतोय, टाक्यांमागं कोण आहे. आम्ही जिंकलो नाही. शेवटून दुसऱ्या लढाईत ताई पडली, टाक्यांपाशीच, आणि अमळनेरवाल्यानं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या सामन्याला थोडा वेळ होता. ताईनं इअरफोन काढले, कान चोळले.

"आता जरा दमानं बोल," ती म्हणाली. "एका दमात तीन गावं सांगतोस. आणि बस जवळ, पुढचा सुरू होतोय."

मी खुर्ची ओढून घेतली. पडद्यावर विमान पुन्हा बेटावर येत होतं, आणि खाली ती सगळी गावं उन्हात पसरलेली होती.