मामाजींची हिमनदी

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या घरी चहा मिळण्याआधी हिमालय चढावा लागे. बैठकीच्या भिंतीवर इंग्रजांच्या काळातला एका हिमनदीचा नकाशा टांगलेला होता. पाहुणा टेकण्याआधीच मामाजी त्याला दंडाला धरून तिथे उभा करत. मी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलगी ओझरती पाहिली आणि नकाशा तासभर.

अड्याळचे धानवाले पाहुणे आले की मामाजींचं डोकं फिरे. उंची दाखवणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा या मंडळींना धानाच्या बांध्यांचे धुरे, म्हणजे भातखाचरांचे बांध, वाटत.

"एवढ्या बांध्या? कोनाच्या आहेत जी?" एकाने विचारलं.

"बांध्या नाहीत, हिमनदी आहे," मामाजी कपाळाला हात लावून म्हणाले.

"नदी, त मंग पानी कुठी जाऊन राहिलं?"

"बसू द्या त्यायले," आतून सासूबाई म्हणाल्या. "चहा थंडा होऊन राहिला."

मामाजी भूगोलाचे मास्तर. हयातभर हिमनदी शिकवली, पण पाहिली नव्हती. गुडघे अडून बसायच्या आत ती पाहायचीच, हा हट्ट जावई म्हणून माझ्या गळ्यात पडला. सासूबाईंना घेऊन आम्ही निघालो. मामाजी नकाशा छातीशी धरून; मला त्याला हातही लावू देईनात.

नकाशाप्रमाणे जिथे बर्फ सुरू व्हायचा, तिथे नुसते दगड होते. घोडेवाला म्हणाला, "बाबूजी, बर्फ तो पीछे चला गया. घोडे पे बैठो, दिखा देता हूँ."

हिमनद्या मागे सरतात हे मामाजींनीच वर्गावर्गात शिकवलेलं. पण आपली सरेल, हे त्यांना मंजूर नव्हतं. "नकाशात इथंच आहे," ते खवळले. मग मला म्हणाले, "जावईबापू, कानटोपी घाला. आपण बर्फाच्या आत उभे आहोत." मी घातली. काय करता.

सासूबाई मात्र घोड्यावर बसल्या. "तुमी राहा नकाशा पाहत. मी चालली पाहाले."

उतरत्या उन्हात परतल्या आणि म्हणाल्या, "मळका आहे. धानाच्या रोवणीच्या चिखलावानी."

मामाजी भंडाऱ्याला घरी पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. इकडचे निरोप तिकडे मीच पोचवत होतो.

गेल्या वर्षी मामाजी अंथरुणाला खिळले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सासूबाईंना जवळ बोलावलं. "खरं सांग. बर्फ कुठवर होता?"

नवऱ्याचं एकही म्हणणं कधी सरळ कबूल न केलेल्या सासूबाई पदराने त्यांचं कपाळ पुसत राहिल्या. "नकाशात आहे तिथंच होता जी. तुमीच गलत जागी उभे होते."

मामाजींनी हळूहळू मान माझ्याकडे वळवली. "जावईबापू, नकाशा तुम्हीच उलटा धरला होता."

"हो मामाजी," मी म्हटलं. "उलटाच."