नऊ सेकंदांसाठी शिरूर ते दौंड

माझं काम ध्वनिमुद्रणाचं. मुंबईच्या कचेरीत फिल्मचे फूट मोजायचे आणि निवेदन त्यात बसतं का, ते घड्याळ लावून पाहायचं. बंधाऱ्यावरच्या माहितीपटासाठी लेखक शांतवनरावांबरोबर शिरूरला जायचा हुकूम आला, तेव्हा मी फक्त यंत्राचं वजन विचारलं. अकरा किलो. निवेदन मंजूर झालेलं होतं, पानोपानी शिक्का होता. उरले होते पाण्याचे नि गुरांचे आवाज.

पुण्याहून सकाळची पहिली एसटी घ्यावी आणि डावीकडे बसावं, कारण ऊन उजवीकडून येतं. कोरेगाव भीमाचा पूल ओलांडला की धूळ सुरू होते. तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार असेल त्या दिवशी भाजीच्या पाट्यांमुळे पाय ठेवायला जागा मिळत नाही. कंडक्टरने यंत्राकडे पाहून अंड्यांची पेटी आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्याने ते जपून वर ठेवलं.

शांतवनराव शिरूरच्या मिशनच्या चाळीत वाढले. वडील सुतार, पण लिहिता-वाचता येणारे, म्हणून पलटणीतल्या मुलांना आयांची पत्रं तेच लिहीत. पत्र झालं की आईला वाचून दाखवायचं, तिने मान हलवली की मगच पाकीट चिकटवायचं. शांतवनरावांनी पुढे शेतकी पत्रकं लिहिली, रेडिओसाठी लिहिलं, मग माहितीपट. चाल तीच ठेवली. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना वाचून दाखवल्याखेरीज लेखन पुरं झालं असं ते मानत नाहीत. मंजूर कागद पुन्हा वाचून काय मिळणार, असं मला वाटलं. मी यंत्राचे पट्टे आवळत राहिले.

शिरूरला मुक्काम त्यांच्या बहिणीकडे. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा. दुसऱ्या दिवशी कवठे येमाईच्या अलीकडच्या, बंधाऱ्यालगतच्या एका वस्तीवर लिंबाखाली वाचन झालं. ‘या गावाने आपल्या हातांनी ही भिंत उभी केली’ हे वाक्य आलं आणि बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

वस्तीतले म्हातारे आबा म्हणाले, “वाचलं झ्याक. पर भिंत आमी न्हाई बांधली. आमी माती वाहिली. दगूड बशिवला वडारांनी.”

शूटिंगवाले आले तेव्हा वडार दौंडला गेलेले होते, म्हणून हेच लोक घमेली घेऊन उभे राहिले. “आन् ही तर नवं लुगडं नेसून,” एकीने शेजारणीला ढोसलं.

मी शांतवनरावांना शिक्क्याची आठवण करून दिली. मंजुरीशिवाय शब्द बदलला तर पुढचं काम मिळणार नाही, हे मला जितकं ठाऊक होतं तितकंच त्यांनाही. त्यांनी आबांना विचारलं, “दौंडात कुठं भेटतील?”

न्हावऱ्यावरून दौंडची एसटी तुरळक आहे, स्टँडवर आधी चौकशी करा. स्टेशनाबाहेर चहा बरा मिळतो. रुळांच्या कडेला दगड घडवणाऱ्या वडारांत यल्लवा सापडली. पन्नाशीची, हात कोपरापर्यंत पांढरे. शांतवनरावांनी गाडीत लिहिलेलं नवं वाक्य वाचलं: वडारांनी घणाचे घाव घालून कातळ नमवला, असं काहीतरी. वाक्य सुंदर होतं.

“नमवला न्हाई, दादा,” ती म्हणाली. “आयकून घेतला.”

तिने तीन दगड ओढले आणि हातोडीने एकेक वाजवला. मी हेडफोन लावून ऐकत होते. पहिला बद्द होता, तो मलाही कळला. दुसरा नि तिसरा मला एकसारखेच वाटले, यंत्राच्या काट्यातही फरक दिसला नाही. तिने तिसरा बाजूला सारला.

“ह्यो पाण्यात टिकायचा न्हाई.”

का, असं मी विचारलं. तिने एक घाव घातला. आतून केसाएवढी जुनी भेग निघाली. मी टेप चालूच ठेवली. चार वर्षं मी कानावर पगार घेत आले आहे.

शांतवनरावांनी आपलं सुंदर वाक्य खोडलं. लिहिलं, ‘वडारांनी दगड ऐकून निवडले.’ त्यापुढे नऊ सेकंद मोकळे सोडले, फक्त ठोक्यांसाठी.

मुंबईत कचेरीतले साहेब चिडले. मग त्यांनी मला एकटीला बोलावून सोपी वाट सांगितली. ठोक्यांचं ध्वनिमुद्रण सदोष आहे, एवढं मी अहवालात लिहावं. जुनं वाक्य आपोआप परत बसेल, कुणाचा अपमान नाही, शांतवनरावांचं कामही टिकेल. मी टेप पुन्हा दोनदा ऐकली आणि लिहिलं, ‘निर्दोष.’

माहितीपट लागला. नऊ सेकंद जसेच्या तसे होते. श्रेयनामावलीत लेखकाचं नाव नव्हतं, आणि त्या वर्षी त्यांना दुसरा माहितीपट मिळाला नाही. मी ‘निर्दोष’ लिहिलं नसतं तर मिळाला असता. हे मी त्यांना सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “झालेलं निवेदन यल्लवाबाईंना ऐकवायचं राहिलंय. दौंडची गाडी किती वाजता असते?”

मी वेळ सांगितली. तिकिटं दोन काढा, असंही सांगितलं.