व्याहीबुवांचा नाताळ

माझ्या व्याह्यांइतक्या मोठ्या आवाजात गुपित सांगणारा माणूस अख्ख्या भिवंडीत सापडायचा नाही. चाळीस वर्षं ते नारपोलीत जॉबर होते, म्हणजे कापड विणायचे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. लूम सुधारत गेले आणि यांचे कान जात राहिले. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा बायकोच्या कानाशी लागून ते म्हणाले, "पोरगी चांगली हाय, बाप जरा आगाऊ वाटतो." ही कुजबुज आमच्यासकट खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनीही ऐकली. दुसरी खोड कापडाची. माणसाचा चेहरा बघायच्या आधी ते त्याच्या शर्टाचं टोक चिमटीत धरतात. साखरपुड्याला माझा नवाकोरा शर्ट चोळून त्यांनी तो दोन धुण्यांत जाईल असं भविष्य वर्तवलं. तो खरंच गेला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आमची समाईक नात चिमी साडेतीन वर्षांची. आईबाप दोघंही गोदामात ड्युटीला, त्यामुळे शाळा सोडली तर ती दिवसभर कामतघरच्या चाळीत या आजोबांपाशी. शाळा म्हणजे एका दुकानावरच्या तीन खोल्या, दारावर परदेशी नाव आणि फक्त प्रवेशाच्या दिवसांत चालू होणारा एसी. तिथल्या मोठ्या बाईंनी माझ्या मुलीला बोलावून सांगितलं, की चिमी वर्गात अजिबात बोलत नाही. नाताळच्या कार्यक्रमात तिने चार इंग्रजी ओळी म्हटल्या नाहीत तर तिला पुढच्या वर्गात घेता येणार नाही, आणि एकदा डॉक्टरलाही दाखवून घ्या. मुलगी घरी येऊन रडली. मीही मनातून घाबरलो. व्याही तेवढे शांत होते.

"पोरगी माझ्याशी दिवसभर बोलते," ते म्हणाले. "शाळाच बहिरी हाय."

मग तालीम त्यांनीच हातात घेतली. सुनेच्या ओठांवरून त्या चार ओळी पाठ केल्या आणि आठ दिवस दार लावून नातीकडून घोटून घेतल्या. पोरगी एकदम तयार आहे, असं त्यांनी मला खाजगीत सांगितलं, म्हणजे सगळ्या चाळीला कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये कापसाचा बर्फ पसरला होता आणि उकाड्यामुळे पंखे सोडले होते, त्यामुळे बर्फ पालकांच्या डोक्यांवर पडत होता. व्याह्यांनी त्यातली चिमूटभर उचलून तपासली आणि हा कारखान्यातला कचरा आहे, असा निकाल दिला. सांताक्लॉज म्हणजे शाळेचा रिक्षावाला. व्याह्यांनी त्याला कडक जय भीम घातला आणि त्याचा लाल कोट चिमटीत धरला. त्यानेही दाढी सावरत, "जय भीम, काका," म्हटलं.

हिरव्या कागदाच्या झालरी लावलेली चिमी ख्रिसमस ट्री होऊन माईकसमोर उभी राहिली. तिने गर्दीत आजोबांना शोधलं, हात पसरले, तोंड चांगलं मोठं उघडलं आणि सुरुवात केली. ओठ हलत होते, हात चालत होते, फक्त आवाज नव्हता. बाई पडद्यामागून मोठ्याने बोल म्हणून खुणावत होत्या. पालक हळहळले. माझ्या मुलीने मान खाली घातली.

चार ओळी संपल्या आणि मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. रात्रपाळी करून आलेले चारपाच लूमवाले बाप तिथे बसले होते. त्यातला एक उठून म्हणाला, "मॅडम, बच्ची ने पूरा बोला." व्याही तर केव्हाच उभे राहिले होते. त्यांनी चारही ओळी खणखणीत आवाजात म्हणून दाखवल्या, "आय याम ख्रिसमस टिरी"पासून शेवटपर्यंत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लूमच्या धडधडाटात माणसं ओठ बघून बोलतात, आवाज कोणी वाया घालवत नाही. पोरीला बोलायची तीच रीत लागली होती.

बाई स्टेजवर आल्या, चिमीला आपल्याकडे वळवलं आणि माईक तिच्या तोंडाशी धरून विचारलं, आवाज का नाही काढलास? ती अगदी स्वच्छ, ऐकू येईल अशी म्हणाली, "आबांना ऐकू येत न्हाय ना."

व्याह्यांना तिची फक्त पाठ दिसत होती. त्यांनी माझी बाही ओढली, "काय म्हणली?" मी ओठ सावकाश हलवत तेच वाक्य त्यांना सांगितलं. ते खाली बसले. डोक्यावरचा कापूसही त्यांनी झटकला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ते चिमीला सरळ माझ्या घरी आणून सोडू लागले. "तुमच्यापाशी राहू दे. आवाजात बोलंल," एवढंच म्हणाले. कानाचं यंत्रही लावून पाहिलं, पण त्यात त्यांना सगळीकडे लूमच ऐकू येतात. चिमी पुढच्या वर्गात गेली. आता ती दिवसभर बडबडते, इतकी भराभर, की ओठ धड उघडतही नाहीत. संध्याकाळी तिला न्यायला आले की व्याही थोडा वेळ उंबऱ्यात उभे राहून तिच्या तोंडाकडे बघत बसतात. काही हाती लागत नाही. मग माझ्याकडे वळून विचारतात, "बोलते ना?" मी मान डोलावतो.