अंगठ्याची खळी

तिवशाजवळच्या एका गावात गोदाबाई कुत्र्यांसाठी रोडगे करायची. विलायतेत कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडात त्याला सोन्याचा भाव आला, तेव्हा गावोगाव कापसाच्या गंज्यांवर चोर येऊ लागले. तिच्या भावानं, खुशालरावांनी, राखणीला चार कुत्रे आणले. त्यांना शिळी भाकर चालेना. मग गोदाबाई जाडसर गव्हाचं पीठ ताकात भिजवी, तिळाचं तेल घाली, मीठ अजिबात नाही, आणि गोळे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, भाजी. माणसांच्या रोडग्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर अंगठ्यानं खळी पाडी. कुत्रे त्या वासानं गंजी सोडून घरी येत, एवढाच काय तो दोष.

गोदाबाई विधवा. खुशालरावांची बायको गेली तेव्हा रुख्मिणी पाळण्यात होती. तिला वाढवलं ते या आत्यानंच. घरचा स्वयंपाक, सणवार सगळं तिच्याच हातचं, आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पण कापसाच्या पैशानं घरात दोन नव्या गोष्टी आणल्या : बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आणि सोवळंओवळं. कापसाच्या भावाचा आणि विधवेच्या हाताचा संबंध काय, हे गोदाबाईला कुणी समजावून सांगितलं नाही.

रुख्मिणीला कुंकू लावायला वरपक्ष येणार होता. त्या दिवशी अकोल्याहून पुंजाराम नावाचा आचारी आणला. खुशालराव बहिणीकडे न बघता म्हणाले, "बाई, आज तू फक्त कुत्र्याईचं पाह्य. शुभकार्य हाय, लगनातबी असंच राहीन."

"बरं," ती म्हणाली. तिला फार वाईट वाटलं. ज्या पोरीला पहिला घास भरवला, तिच्या पंगतीला आपला हात चालणार नव्हता. ती पीठ भिजवायला बसली.

पुंजारामनं आपले रोडगे त्याच आराच्या दुसऱ्या कडेला घातले. वाढायच्या वेळी त्याला खळीचे रोडगे दिसले. खळी तूप धरायला केलेली दिसते, असं वाटून तो गोदाबाईच्या कल्पकतेवर खूश झाला आणि त्यानं तेच पानात वाढले. स्वतःचे सपाट रोडगे जवळच्या टोपलीत ठेवून दिले; ती कुत्र्यांची, हे त्याला ठाऊक नव्हतं.

गोदाबाईनं ती टोपली न बघताच कुत्र्यांपुढे उपडी केली. रोडग्यांत ओव्याचा मारा होता. चौघांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. खळीचे रोडगे पंगतीत गेले, हे गोदाबाईच्या ध्यानात आलं. ती धावत पंगतीच्या दाराशी आली. हे कळलं तर सोयरीक मोडणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

नवऱ्या मुलाचे वडील जानराव तिसऱ्या रोडग्याच्या खळीत तूप ओतत होते. "खुशालराव, हे कोनं केले? असे रोडगे म्या जलमात खाल्ले नाईत."

खुशालरावांनी आपल्या पानात पाहिलं. ती खळी त्यांना चांगलीच ठाऊक होती. "बाईनं," ते म्हणाले.

"मंग लगनाले बी त्याईच्याच हातचे पायजेत."

"तिचा हात शुभकार्याले चालत नाई…"

"कोनाले चालत नाई?" जानराव म्हणाले. "मी तीन खाल्ले."

यावर उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी गोदाबाईनं पहाटेपासून पीठ मळलं, मीठ घालून. रोडगे सपाट ठेवले. पहिली टोपली निघाली तसे जानराव आत डोकावले. "बाई, तुपाची खळी कुठी गेली?"

गोदाबाईनं भावाकडे पाहिलं. खुशालराव दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

मग तिनं नव्या पिठाच्या पहिल्या गोळ्यावर अंगठा दाबला, आणि तो रोडगा भाजून रुख्मिणीच्या पानात स्वतः वाढला. त्या दिवशी कुत्र्यांचे रोडगे पुंजारामनं केले. त्याला तिनं ओवा घालू दिला नाही.